रूळ संपतात तिथून पुढे

कोल्हापूरच्या स्टेशनात रूळ संपतात. गाडी मिरजेकडून येते आणि परत मिरजेकडेच जाते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत असं असतं. पुढे कळलं, बहुतेक गावांतून गाडी पुढे जाते. आपल्याकडे ती थांबते.

नकाशात बघा. पश्चिमेला समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरी कोल्हापुरातून रेल्वेनं वैभववाडीला जायचं तर एकतर मिरज-पुणे-पनवेल करून खाली यायचं, नाहीतर मिरज-बेळगाव-लोंढा करून मडगावला उतरायचं आणि तिथून वर यायचं. एसटीनं हेच अंतर साधारण ऐंशी किलोमीटर भरतं.

हे असं का, हे समजायला संस्थानाच्या काळात जावं लागतं. करवीर म्हणजे एक छोटंसं राज्यच होतं. एकेकाळी त्याच्याकडे समुद्रही होता. पण १८१२ च्या तहात मालवण इंग्रजांना द्यावं लागलं आणि राज्य घाटमाथ्यावर उरलं. मग १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते रेल्वेची पायाभरणी झाली. कारभाराची सूत्रं त्यांच्या हाती यायला अजून सहा वर्षं होती. १८९१ मध्ये मिरजेपर्यंतची सुमारे ४७ किलोमीटरची लाइन सुरू झाली. मागोमाग १८९५ मध्ये शाहूपुरी वसली, गुळाची पेठ उभी राहिली. १९३९ मध्ये राजाराम महाराजांच्या काळात विमानतळही झाला. एवढ्याशा राज्यानं रेल्वे आणली, विमान आणलं, याचा आम्हाला अभिमान आहे, आणि तो असायलाही हवा.

पण लाइन कुठल्या दिशेला गेली तेही बघायला हवं. गूळ जिकडे विकला जाणार तिकडे ती गेली. मिरज, पुणे, मुंबई. कोकणाकडे उरला तो घाट.

माझ्या आजीचं माहेर वैभववाडीच्या बाजूचं. लग्न होऊन ती घाट चढून वर आली आणि इथलीच झाली. माहेरी जायचं तर रंकाळा स्टँडवरून बावड्याची एसटी, तिथून खाली उतरणारी दुसरी गाडी, शेवटी चालत. उन्हाळ्यात एका दिवसात जमायचं. पावसाळ्यात घाट म्हणेल तसं. एका आषाढात तिचे वडील गेल्याचा निरोप आला आणि त्याच रात्री घाटात दरड कोसळली. फोंड्यावरून वळसा घालून ती पोचली तिसऱ्या दिवशी. राख सावडून झाली होती.

त्यानंतर तिचं जाणं कमी होत गेलं. कुणाशी भांडण नव्हतं. पण पुण्यातल्या चुलत्यांकडे आम्ही वर्षातून चारदा जायचो, कारण रात्री गाडीत बसलं की सकाळी पुणं. कोकणातल्या मावशीआजीकडे लग्नाला तेवढं. आजी म्हणायची, "पुण्याची माणसं जवळची झाली, माझी सख्खी भैण लांबची झाली." नाती रक्तानं ठरतात म्हणतात. आमच्या घरात ती बरीचशी गाड्यांच्या वेळापत्रकानं ठरली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये याची दुसरी बाजू दिसली. पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. पेट्रोल संपत आलं, दुधाची, भाजीची ओढाताण झाली. एरवी उंबऱ्यावर असलेलं पुणं त्या दिवसांत आजीच्या माहेरासारखं झालं. माणसं आहेत, फोन लागतोय, पण जाता येत नाही. सगळा भार एकाच दिशेवर टाकला की ती एक वाट बुडाल्यावर गावच बेट होतं.

आज उजळाईवाडीच्या विमानतळावर नवं टर्मिनल आहे. विमानानं मुंबई तासाभरावर आली. पण बावड्याकडे जाणाऱ्याचा भरवसा अजून एसटीवर आणि वडापवर. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी २०२४ मध्ये बंद झाला, तेव्हा पुन्हा भुईबावडा आणि फोंड्याचे वळसे सुरू झाले. आमच्या घरात तेव्हा तो आषाढ आठवणारं कुणी उरलं नव्हतं.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वे २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली. सुमारे १०७ किलोमीटर. तिची चर्चा होते तेव्हा कोकणातलं बंदर, माल, साखर, उद्योग यांचे आकडे मांडले जातात. ते खरेच आहेत. १८९१ ची लाइनही अशाच हिशेबावर उभी राहिली होती. माझा हिशेब त्या कागदात कुठेच बसणार नाही. सकाळी निघून दुपारी मावशीआजीच्या नातवंडांच्या दारात उभं राहता आलं, तर ओळख सांगण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण आम्ही एकमेकांना नीटसं ओळखत नाही. पण सुरुवात तरी होईल.