आपले गुण, आपल्या हाताने

आपले गुण आपणच लिहायचे आणि समोरच्याने ते खरे मानायचे, ही रीत मला फार आवडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठात ती आहे. तेथे दरवर्षी दोन लाखांहून अधिक अर्ज येतात. विद्यार्थी नववीपासूनचे विषय आणि त्यांत मिळालेल्या ए, बी, सी अशा श्रेणी अर्जात स्वतःच भरतो. त्या वेळी गुणपत्रिका जोडावी लागत नाही.

मग कोणी खोटे लिहिले तर? हा प्रश्न मलाही पडला. पण निवड झालेल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका १ जुलैपर्यंत विद्यापीठाकडे पाठवावी लागते. ती अर्जाशी जुळली नाही, तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

मला मात्र या तपासणीपेक्षा अर्ज भरण्याची वेळ मोठी वाटते. समोर कोरी जागा असते. एखाद्या विषयात श्रेणी कमी असते. ती थोडी वाढवून लिहावी, असा मोह होतो. पाहणारे कोणी नसते. तरीही जो विद्यार्थी खरी श्रेणी लिहितो, तो त्या दिवशी आणखी एक परीक्षा उत्तीर्ण होतो. तिचे गुण कोणत्याच गुणपत्रिकेत छापलेले नसतात.