झोपू द्या की त्या डिस्कला!

'पॉवर सेव्हिंग' म्हटलं की आपल्या पुण्या-मुंबईच्या डोक्यात काय येतं? ऑफिसातलं 'जाताना मॉनिटर बंद करा'चं पोस्टर, नाहीतर दहा टक्क्यांवर आलेली मोबाइलची बॅटरी. आमच्या धाराशिवला मात्र या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे. तिथं नुसती वीज वाचवायची नसते, विजेच्या लहरीपासून स्वतःला वाचवायचंही असतं!

धाराशिव म्हणजे २०२३ पर्यंत सरकारदरबारी उस्मानाबाद असलेलं आमचं गाव. तिथल्या घरात मधल्या खोलीत अण्णांचा डेस्कटॉप आहे. विंडोज नव्या एसएसडीवर, आणि बाकी सगळा संसार जुन्या एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर. पेन्शनचे कागद, ताईच्या लग्नाचे फोटो आणि 'आजी' नावाचं एक फोल्डर. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या आहेत, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या. आजी आता नाही, आणि ती कॅसेटही बुरशी लागून गेली.

तर एके दिवशी अण्णांचा फोन. ''अरे, हे कॉम्प्युटर झोपायलंय बघ. आजीचं फोल्डर उघडलं की दहा सेकंद गप्प, मग घर्रर्र करायलंय. जायला लागलं का काय हे?''

मंडळी, डिस्क काही मरायला टेकली नव्हती. ती खरंच झोपत होती! विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जच्या आत, 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर' अशी एक ओळ असते. नेहमीच्या प्लॅनमध्ये तिथं २० मिनिटं लिहिलेली असतात. तेवढ्या वेळात डिस्कला कुणी हाक मारली नाही की तिची मोटर थांबते. पुन्हा फाइल मागितली की थांबलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या वेगाला आणाव्या लागतात. ते घर्रर्र म्हणजे तिचं उठून तोंड धुणं!

''मग झोपू नको म्हणावं तिला. नेव्हर करून टाक,'' अण्णा म्हणाले. रिटायर्ड गणिताचे मास्तर ते, म्हणून मी आकडेच पुढे ठेवले. डेस्कटॉपची डिस्क नुसती फिरत राहिली तर साधारण सहा वॅट खाते, झोपली की एका वॅटच्याही खाली. रोज बारा तास झोपली तरी महिन्याला वाचणार जेमतेम दोन युनिट. एवढ्यात जुना सिलिंग फॅन एखादा दिवस फिरेल, बस्स!

आता दुसरी बाजू. जुन्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात ती ५०,००० वेळा बंद-चालू होणं सोसेल, असं साधारण दिलेलं असतं. हौसेनं ती वेळ दोन-तीन मिनिटांवर आणली, तर अँटिव्हायरस तिला सारखा उठवणार. दर दहा मिनिटांनी उठली, तर आठ तासांत ४८ वेळा. तीन वर्षांच्या आतच कोटा संपला! उलट दिवसातून चार-पाचदाच उठली तर हिशेब कित्येक वर्षं पुरतो.

''म्हणजे नेव्हरच बरं की,'' अण्णा. पुण्यात असतो तर मीही 'हो' म्हटलं असतं. पण गोष्ट धाराशिवची आहे ना!

२००५ नंतरची काही वर्षं आठवा. राज्यात विजेचा तुटवडा, गावोगावी भारनियमन. २००६ मध्ये पुण्यानं कारखान्यांच्या जनरेटरच्या जोरावर शून्य भारनियमनाचा प्रयोग केला. आमच्याकडे मात्र लाइट कधी जाणार यावर दळण, पाणी आणि अभ्यास ठरायचा. आता तसे दिवस नाहीत. पण वळवाचा पाऊस आला, वारं सुटलं की लाइट आजही न सांगता जातो.

आणि इथंच झोपलेली डिस्क कामाला येते. फिरत्या डिस्कचं हेड तबकडीवर नॅनोमीटरमध्ये मोजावं इतक्या कमी उंचीवर तरंगत असतं. लाइट गेला की फिरत्या तबकडीच्या जोरावर मोटरच क्षणभर जनरेटर बनते, आणि तेवढ्या विजेवर हेड बाजूला घेतलं जातं. आहे की नाही कमाल? पण हा शेवटी एमर्जन्सी ब्रेक. शिवाय लिहायची राहिलेली फाइल गेली ती गेलीच. झोपलेल्या डिस्कचं हेड मात्र आधीच जागेवर असतं आणि लिहायचं सगळं लिहून झालेलं असतं. लाइट गेला काय, राहिला काय, तिला पत्ताच नाही!

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''म्हंजे वादळात घरी झोपलेलं बरं, रस्त्यावर पळत असण्यापेक्षा.'' एवढं सोपं मला सांगता आलं नसतं.

तेव्हा आमच्या घरी २० मिनिटं कायम. जेवायला उठताना डिस्कच काय, सगळा कॉम्प्युटरच हायबरनेट. वीज खरी तिथं वाचते. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर. आणि ओव्यांच्या दोन कॉपी: एक एक्स्टर्नल डिस्कवर, ती काम झालं की काढून कपाटात, दुसरी माझ्याकडे पुण्यात. कारण सेटिंग कितीही शहाणं असलं, तरी डिस्क एक ना एक दिवस जातेच.

अण्णा अजूनही संध्याकाळी ते फोल्डर उघडतात. घर्रर्र झालं की आईला हाक मारतात, ''ये गं, उठायलीय ती!'' दहा सेकंदांनी आजी गायला लागते.

तुमच्याही गावाकडच्या कॉम्प्युटरमध्ये असं एखादं फोल्डर असेल. पुढच्या सुट्टीत जाल तेव्हा सेटिंग तर बघाच, पण येताना त्याची एक कॉपी बॅगेत टाका!