पिंजऱ्यातल्या पोपटाची वही

आज जरा लांबची गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

सामुराई म्हटलं की आपल्याला सिनेमातली तलवार आठवते आणि मानासाठी पोट फाडून घेणारा योद्धा आठवतो. गेला महिनाभर मी एका वेगळ्याच सामुराईच्या नादी लागलोय. या गड्याने जन्मात एक लढाई पाहिली नाही. किल्ल्यातल्या आणि सरकारी वाड्यांमधल्या चटयांचा कारभार बघणं, ही त्याची नोकरी होती.

नाव असाही बुन्झाएमोन. जन्म १६७४ चा. आपल्याकडे रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी तिकडे जपानात ओवारी संस्थानातल्या एका साध्या सामुराई घरात हा जन्मला. या संस्थानाची राजधानी म्हणजे आजचं नागोया शहर.

त्या वेळी जपानमध्ये लढाया संपून गेल्या होत्या. १६१५ ला ओसाकाचा किल्ला पडला, १६३८ ला शिमाबाराचं बंड मोडलं, आणि पुढे दोनशे वर्षं शांतता. मग इतक्या योद्ध्यांचं करायचं काय? धन्यांनी त्यांना कारकून केलं. कमरेला दोन तलवारी, आणि काम पहाऱ्याचं नाहीतर वह्या भरायचं. बुन्झाएमोन आधी किल्ल्यावर पहाऱ्याला होता. महिन्यातून मोजक्याच पाळ्या, बाकी वेळ रिकामा. पुढे १७०० साली त्याला तातामीचा कारभारी केलं. तातामी म्हणजे भाताच्या पेंढ्याची जाड बैठक, वरून लव्हाळ्याची विणलेली चटई.

वेतन १०० कोकू. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, साधारण दीडशे किलो. ऐकायला भरपूर वाटतं. पण हा आकडा नेमून दिलेल्या जमिनीच्या पिकाचा. शेतकऱ्याचा वाटा वजा जाता हातात त्याच्या निम्म्याहूनही कमी पडायचं. त्यात घर, नोकर, कपडे, लग्नकार्य, पाहुणे. सामुराईला गरिबी चालायची, पण ती दिसलेली चालायची नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांमधली परिस्थिती आठवा, लगेच कळेल.

इथपर्यंत सगळं चारचौघांसारखंच. पण हा माणूस रोज रात्री लिहायचा. थोडीथोडकी नाही, पंचवीसहून अधिक वर्षं! ३७ खंड भरले. वहीला नाव दिलं 'ओमू रोचूकी', म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाच्या नोंदी. २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. या माणसाने तीनशे वर्षांपूर्वी हे नाव स्वतःलाच घेतलं होतं. पिंजरा धन्याचा, पण कानावर पडेल ते पोपट बोलणारच.

काय नाही त्या वहीत? भूकंप, आगी, तांदळाचे भाव, खून, पळून गेलेली जोडपी, कोण दारू पिऊन कुठे पडला. सामुराईने नाटकाला जाणं शिष्टसंमत नव्हतं. हा लपूनछपून जायचा, शंभराहून जास्त वेळा गेला, आणि घरी येऊन तेही लिहायचा. शोगुन त्सुनायोशीने जीवहत्येवर कडक बंदी घातली होती, त्या काळात हा मासे धरायला जायचा. तेही वहीत. चटयांच्या खरेदीसाठी क्योतो-ओसाकाला गेला की व्यापारी त्याची बडदास्त ठेवायचे. खाणं, पिणं, नाटकं. तेही सगळं आहे. दारू सोडायची ठरवून पुन्हा प्यायलेलं आहे, बायकोशी झालेली भांडणं आहेत. ४७ सामुराईंनी मेलेल्या धन्याचा सूड घेतला, ती जगप्रसिद्ध घटना त्याच्याच हयातीत घडली. तिची नोंद अगदी त्रोटक, जणू बाहेरगावची बातमी.

आणि सगळ्यात धोक्याचं म्हणजे, स्वतःच्या धन्याच्या आईबद्दल गावात जे बोललं जायचं तेही त्याने लिहून ठेवलं. वही कुणाच्या हाती लागती तर नोकरी गेली असती, कदाचित मानही.

१७१८ ला तो गेला. वय ४४. मी आज साधारण त्याच वयाचा आहे, म्हणून हा माणूस डोक्यातून जात नाही.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी या धंद्यात आलो, त्याला आता वीस वर्षं होतील. तालुक्याच्या गावात पत्रकार म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बातमी आणायची आपण, वाढदिवसाच्या जाहिराती आणायच्या आपणच, आणि ज्याची जाहिरात त्याची बातमी कशी द्यायची, हेही समजून घ्यायचं आपणच. काही वर्षांपूर्वी माझी एक बातमी पानावर लागून पुन्हा उतरवली गेली. कुणाची, कशाची, ते सोडा. मी भांडलो नाही. घरी आलो, जेवलो, झोपलो. मुलीची फी भरायची होती.

पण त्या रात्री मी ती कुठे लिहूनही ठेवली नाही, हे आता जास्त लागतं. छापणं माझ्या हातात नव्हतं. लिहून ठेवणं होतं. बुन्झाएमोनही काही शूर नव्हता. धन्याचं मीठ खाल्लं, व्यापाऱ्यांची दारू प्यायला, कधी कुणासमोर उभा ठाकला नाही. पण रात्री वहीशी खोटं बोलला नाही, स्वतःबद्दल तर मुळीच नाही. ती वही पुढे धन्याच्या घराण्यानेच कुलूपबंद ठेवली. लोकांसमोर छापून आली ती १९६० च्या दशकात, अडीचशे वर्षांनी. आज त्या काळातला जपानी माणूस खरा कसा जगत होता हे कळून घ्यायचं, तर अभ्यासकांना या चटईवाल्याच्या वहीकडे यावं लागतं.

मी परवा दोनशे पानी वही आणली. उतरवलेली ती बातमी पहिल्या पानावर, आठवेल तशी, तारखेसकट लिहिली. पाकिटं मी कधी घेतली नाहीत, पण जेवणं घेतली आहेत. दुसऱ्या पानावर ती लिहिली. दुसरं पान लिहायला जास्त वेळ लागला.

तुमच्या घरात आजोबांची, एखाद्या मास्तरांची, तलाठ्याची जुनी वही पडली असेल तर रद्दीत घालू नका. आधी एकदा वाचून बघा.