तारांकित मुक्काम आणि चौविहार

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनी नदीकाठी आहे. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष व शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव आढळते. काळ्या पाषाणातील ते शिल्पवैभव पाहून मन तृप्त झाले; मुक्कामाने मात्र निराशा केली.

शहरातील त्या तारांकित हॉटेलाने आरक्षणाच्या वेळी जैन भोजनाची हमी दिली होती. प्रत्यक्षात भोजनकक्ष सूर्यास्तानंतर, साडेसातला उघडला. चौविहारामुळे सौभाग्यवती उपाशी राहिल्या. सकाळी ‘जैन’ पोह्यांत बटाटा निघाला. व्यवस्थापकांनी दिलगिरी व्यक्त केली, देयक मात्र पूर्ण घेतले.

केवळ कांदा-लसूण वगळल्याने भोजन जैन होत नाही. कंदमूळ आणि वेळ, दोन्हींचे भान हवे. म्हणून वाचकांनी भोजनाची वेळ आरक्षणापूर्वीच लेखी घ्यावी व जवळच्या भोजनशाळेचीही चौकशी करून ठेवावी.