पिनकोड, वस्ती आणि आपले दुकान



गेली दोन वर्षे आम्ही काही कार्यकर्ते मिळून एक छोटे ऑनलाइन दुकान चालवतो. बाबासाहेबांचे ग्रंथ, फुले-आंबेडकरी साहित्य, बुद्धमूर्ती, पंचशील ध्वज, जयंतीचे टी-शर्ट. धंदा वाढवायचा म्हणून एका जाणकार मित्राने सल्ला दिला, "ग्राहकांचा लोकेशन डेटा बघा. जिथून ऑर्डर जास्त, तिथे जाहिरात लावा. जिथून पार्सल परत येते, तो पिनकोड बंद करा."

सल्ल्याचा पहिला भाग आम्ही लगेच अमलात आणला. पिनकोडच्या सहा आकड्यांपैकी पहिल्या तीन आकड्यांवरून ऑर्डरींची वर्गवारी केली. नागपूर, मुंबई, पुण्याकडची मागणी ठळक दिसली. 14 ऑक्टोबर, 6 डिसेंबर आणि 14 एप्रिलच्या आधी तिथे जाहिराती केल्या. विक्री वाढली. यात गैर काहीच नाही. आपला पैसा आपल्या चळवळीत फिरलाच पाहिजे.

प्रश्न दुसऱ्या भागाचा होता. पिनकोड बंद करण्याआधी आम्ही पार्सल परत आलेल्या ग्राहकांना फोन केले. एक ताई म्हणाल्या, "दादा, तो पोरगा म्हणाला, वस्तीत येत नाही, स्टँडवर या. मी निंदायला गेलेली. कशी येणार?" आमच्या यादीत मात्र नोंद होती, 'ग्राहकाने पार्सल नाकारले.'

प्रत्येक वेळी यामागे जातच असते, असे आमचे म्हणणे नाही. रस्ता खराब असतो, त्या पोरालाही दिवसाचे टार्गेट असते. पण रस्ता गावात येऊन वस्तीच्या अलीकडेच का थांबला, याचे उत्तर जातीशिवाय देता येते का? यंत्राला हा इतिहास माहीत नसतो. ते फक्त परतीचे पार्सल मोजते आणि वस्तीला 'तोट्याचा भाग' ठरवते.

अमेरिकेत हे घडून गेले आहे. 2016 मध्ये ब्लूमबर्गने दाखवून दिले की, अॅमेझॉनची त्याच दिवशी घरपोच देण्याची सेवा बोस्टन शहरात आजूबाजूला सगळीकडे होती, पण मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या रॉक्सबरी भागात नव्हती. आम्ही वंश पाहत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. टीका झाल्यावर सेवा सुरू झाली. वंश न पाहताही वंशभेद होऊ शकतो, तसाच जात न विचारताही जातिभेद होतो.

दुसरा धोका याहून जवळचा आहे. गावाचा आणि वस्तीचा पिनकोड बहुतेक वेळा एकच असतो. मोबाइलचे अचूक लोकेशन घेतले की मात्र गावकुसाबाहेरचे घर नेमके वेगळे दिसते. त्यात नाव आणि मागवलेले पुस्तक जोडा. ती ग्राहकांची यादी राहत नाही, जातीची यादी होते. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. आपणच अशी यादी तयार करणार असू, तर पाटी बदलून काय उपयोग?

निवडणुकीच्या तोंडावर एका स्थानिक पुढाऱ्याचा माणूस आमच्याकडे आलाच. "फक्त नंबर आणि गाव द्या, आपल्याच माणसांसाठी आहे." आम्ही नकार दिला. लोकांनी पत्ता पुस्तकासाठी दिला होता, मतांच्या हिशेबासाठी नाही. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची, हेच 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचेही तत्त्व आहे.

आता आम्ही मोबाइलचे लोकेशन मागतच नाही. पार्सल पोहोचले की काही दिवसांनी नाव-पत्ता काढून टाकतो, हिशेबाला फक्त पिनकोड ठेवतो. एकही पिनकोड बंद केला नाही. कुरिअर जात नाही तिथे पोस्टाने पाठवतो, किंवा विहारातल्या कार्यकर्त्याकडे एकत्र पार्सल देतो. ज्या तालुक्यातून एकही ऑर्डर नाही, तिथे आधी ग्रंथांचा स्टॉल लावतो. नफा कमी झाला आहे, आणि आमच्यातल्याच काहींना हे पटलेले नाही. तो वाद चालू आहे.

महाडचे तळे कागदावर आधीच खुले झाले होते. तरी पाण्यापर्यंत जायला 20 मार्च 1927 चा सत्याग्रह करावा लागला. आपले दुकानही सर्वांसाठी खुले आहे, असे आपण म्हणतो. ते त्या ताईच्या दारापर्यंत पोहोचते का, हे शोधायला लोकेशन डेटा वापरा. तिला यादीतून वगळायला नको.

जय भीम!