मेन्शियसची आई आणि मी

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी चीनमध्ये मेन्शियस नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याच्या आईची गोष्ट तिथे पोराटोरांनाही ठाऊक असते. घर स्मशानाजवळ होते तेव्हा पोर प्रेतयात्रेचा खेळ खेळू लागले, म्हणून तिने बिऱ्हाड बाजारात हलविले. तिथे ते दुकानदारांच्या नकला करू लागले. अखेर तिसरे बिऱ्हाड तिने केले ते शाळेशेजारी. मग म्हणे पोर मार्गाला लागले!

ही गोष्ट सांगितली आमच्या शेजाऱ्यांनी. शांघायला चार वर्षे नोकरी करून ते नुकतेच परतले आहेत. चांगल्या शाळेच्या हद्दीत घर मिळावे म्हणून आजही तिथे आईबाप जिवाचे रान करतात. १९८० च्या सुमारास आलेला एका मुलाचा दंडक २०१५ पर्यंत टिकला; त्यामुळे किती घरांत दोन आईबाप आणि चार आजीआजोबा अशा सहाजणांचे डोळे एकाच पोरावर! जूनमधली 'गाओखाओ' ही प्रवेशपरीक्षा म्हणजे साऱ्या घराचीच परीक्षा. २०२१ साली सरकारने शालेय विषयांच्या नफ्याच्या शिकवण्यांवर बंदी घातली. पण आईबापांच्या मनातली शिकवणी कोणते सरकार बंद करणार?

मी हसलो. सौ. मात्र हसली नाही. "आपण तरी या पेठेत आलो ते हवापालटाला का?" ती म्हणाली.

खरेच होते. चिरंजीवांच्या शाळेसाठी आम्ही ऐसपैस घर सोडून दीड खोलीत आलो होतो. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या कंपासपेटीत दडवलेली गणिताची उत्तरपत्रिका मला सापडली होती. शंभरात एकतीस! मी रागावलो नाही. त्याहून वाईट केले. चार दिवस त्याच्याशी बोललोच नाही.

रविवारी त्याला घेऊन वढू बुद्रुकला गेलो. हेतू शुद्ध नव्हता. १६८९ साली प्राण दिले, पण मान तुकवली नाही, अशा संभाजीराजांच्या समाधीपुढे त्याला उभे करायचे आणि 'त्यांनी संस्कृतात बुधभूषण रचला, तुला साधे अपूर्णांक येत नाहीत!' असे सुनवायचे. एस.टी.त मी भाषण घोकत होतो.

समाधीला हात जोडून तोच आधी बोलला. "बाबा, आग्र्याहून येताना महाराजांनी त्यांना मथुरेत ठेवलं ना? तेव्हा ते नऊच वर्षांचे होते?"

"हो."

"आणि मोठेपणी ते दिलेरखानाकडे गेले, तेव्हा महाराजांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं?"

घोकलेले भाषण घशातच राहिले. १६७८ साली राजे गेले, वर्षभराने परतले, आणि महाराज त्यांना पन्हाळ्यावर जाऊन भेटले. एवढा मोठा अपराध, तरी बापाने भेट टाळली नाही. पुढे थोड्याच महिन्यांत, १६८० च्या एप्रिलात, महाराज गेले. ती भेट उद्यावर टाकली असती तर?

"नाही रे," मी म्हणालो, "ते स्वतः भेटायला गेले."

बाहेर रसवंतीच्या बाकावर बसलो तेव्हा त्याने खिशातून एक घडी काढून माझ्यापुढे धरली. "शास्त्राचीही आली आहे."

मी ती उघडली नाही. "घरी मिळून बघू," म्हणालो आणि दोन ग्लास रस सांगितला.

रात्री सौ.ला सांगून टाकले, आता बिऱ्हाड हलवायचे नाही. शाळा जवळ आहेच. बाप थोडा जवळ सरकला म्हणजे झाले!