मंद प्रकाशाचा संचय

शाळेतून निवृत्त झाल्यावर मला एक छंद जडला. दूरदूरच्या दीर्घिकांची छायाचित्रे घेणे, हा तो छंद. आपल्या आकाशगंगेसारखेच ताऱ्यांचे जे इतर महासमूह विश्वात विखुरलेले आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात.

चैत्र-वैशाखातील अमावास्येच्या सुमारास मी गावाबाहेरच्या माळावर दुर्बीण मांडतो. गावातील दिव्यांच्या झगमगाटात दीर्घिकांचा मंद प्रकाश बुडून जातो. सप्तर्षींच्या टोकाला मरीची हा तारा आहे. त्याच्याजवळच, शामशबल तारकासमूहात, एक सुंदर दीर्घिका आहे. शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने ती १७७३ मध्ये शोधली. तिचा भोवऱ्यासारखा आकार मात्र १८४५ मध्ये ध्यानात आला. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची प्रचंड दुर्बीण उभारली होती. तीतून पाहून त्यांनी तो आकार हाताने कागदावर रेखाटला.

माझ्या दुर्बिणीचा आरसा अवघा ८ इंचांचा. त्यात वयोमानाने दृष्टीही मंदावलेली. मला तेथे केवळ एक धुरकट ठिपका दिसतो. परंतु डोळ्याला प्रकाश साठविता येत नाही. कॅमेऱ्याला तो येतो. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सरकताना दिसते. त्याच गतीने दुर्बीण यंत्राने फिरती ठेवून मी दोन-दोन मिनिटांची १०० छायाचित्रे घेतो. प्रत्येकात दीर्घिका फिकी असते आणि तिच्याभोवती खोट्या ठिपक्यांची गर्दी असते. मग संगणकाच्या साहाय्याने ती सारी एकावर एक जुळवितो. खोटे ठिपके दर वेळी निराळ्या जागी उमटतात, म्हणून ते विरून जातात. दीर्घिका आपल्या जागी अढळ असते, म्हणून ती उजळत जाते. हळूहळू तिचे वळणदार बाहू प्रकट होतात, आणि तिला बिलगलेली धाकटी दीर्घिकाही दिसू लागते. जे या डोळ्यांना कधीच दिसले नसते, ते पाहून मन भरून येते.

मुलांनो, हा प्रकाश तेथून निघाला, तो सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्यासाठी साडेतीन तास जागायचे, यात मोठेसे काय?

मी आयुष्यभर मुलांना शिकविले. काही मुलांची बुद्धी चटकन चमकते. काहींची ओळख पटण्यास वेळ लागतो. एका दृष्टिक्षेपात जे दिसत नाही, ते नाहीच असे समजू नये. त्याच्याकडे पुनःपुन्हा, शांतपणे पाहावे. जे खरे आहे, ते आपल्या जागी टिकून राहते आणि यथाकाल उजळून निघते.